शाकारणी कोणाची? खाडीकाठच्या एका शाळा-बंगल्याच्या पडझडीचे प्रकरण

श्रीवर्धन ते दाभोळ या किनारपट्टीतील एका खाडीकाठच्या गावात, जुन्या धक्क्यापासून वर चढत जाणाऱ्या पाखाडीच्या टोकाला एक दुमजली बंगला उभा आहे. उभा आहे असे म्हणायचे ते पुढच्या भागापुरतेच, कारण मागील पाख्याचे छप्पर बसले आहे, माजघराची एक भिंत आडवी झाली आहे आणि न्हाणीच्या जागी पिंपळ वाढला आहे. येथे शेवटचा वर्ग भरला त्याला दोन दशके होत आली, तरी गावात या वास्तूला आजही ‘शाळा’च म्हणतात, समोरच्या सिमेंटच्या इमारतीत भरणाऱ्या खऱ्या शाळेला ‘नवी शाळा’ म्हणावे लागते. वारसांपैकी एकाच्या विनंतीवरून मी या बंगल्याची तीन वेळा पाहणी केली, उपलब्ध कागद वाचले आणि येथे शिकलेल्या व शिकवलेल्या काही जणांशी बोललो. गावाचे व घराण्याचे नाव मुद्दाम देत नाही. वाद अजून मिटलेला नाही.

गावात विचारले तर पडझडीची तीन कारणे हमखास सांगितली जातात: पाऊस, वाळवी आणि २०२० चे वादळ. तिन्ही खरी आहेत. पण हाच पाऊस आणि हीच वाळवी सोसून ही वास्तू त्याआधी कितीतरी वर्षे उभी होती. त्यामुळे मला ती कारणे पुरेशी वाटत नाहीत, आणि या लेखाचा बराचसा भाग त्या न पटण्याचाच आहे.

बंगला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातला. घराणे खोतांचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचे. एक भाऊ गावी खोती सांभाळणारा, तर दोघे मुंबईत व्यापारात. किनाऱ्यावरच्या आगबोटी आणि मचवे हाच तेव्हाचा राजमार्ग असल्याने घराचे सामानही समुद्रमार्गेच आले. छपरावरची कौले मंगळुरी आहेत. या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला, आणि पुढच्या काही दशकांत पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या घरांना परवडले त्यांनी आपली नळ्याची कौले उतरवून ही चपटी, खाचेत बसणारी कौले चढवली. भिंती मात्र गावच्याच मातीतल्या. जांभ्याचे चिरे मातीच्या गाऱ्यात बसवून बाहेरून चुन्याचा गिलावा केलेला आहे. वासे किंजळीचे, ओटीचे खांब सागवानी, माळ्याची तक्तपोशी फणसाची. आकार काटकोनी: पुढे ओटी, पडवी आणि वरचा दिवाणखाना, मागे माजघर, स्वयंपाकघर आणि कोठीची खोली. हा काटकोन लक्षात ठेवावा लागेल, कारण दोन छपरे जेथे एकमेकांना मिळतात तेथूनच पुढचे सगळे घडले.

जांभा हा दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागून कठीण होत जातो, हे कोकणात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. चिऱ्याला पावसाचे वावडे नाही. वावडे असते ते दोन चिऱ्यांमधल्या मातीला. म्हणूनच जांभ्याचे घर छपराच्या जिवावर जगते. वळचण चांगली पुढे आलेली असावी, पागोळी भिंतीपासून लांब पडावी आणि भिंतीच्या माथ्यावर वरून एक थेंबही येऊ नये, इतक्या तीनच अटी असतात. मात्र वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत कोसळणाऱ्या पावसात या अटी पाळायच्या तर दर मे महिन्यात कोणीतरी छपरावर चढलेच पाहिजे. सरकलेली कौले बसवायची, फुटलेली बदलायची, कोने, म्हणजे आढ्यावरची कौले, पुन्हा चुन्यात बसवायचे, पन्हळीतला पाला काढायचा. मंगळुरी कौले आल्यावर गवत आणि पेंढा गेला, तरी गावात या कामाचे नाव शाकारणी असेच राहिले.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली. पाठोपाठ कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक केले. त्या निर्णयाच्या न्याय्यतेबद्दल मला शंका नाही. त्याचा एक आनुषंगिक परिणाम असा झाला की, किनाऱ्यावरची मोठी घरे ज्या उत्पन्नावर उभी होती ते उत्पन्न एका पिढीत संपले. खोताच्या घरची शाकारणी वेठीने होत असे. वेठ गेली हे चांगलेच झाले, पण त्या जागी मजुरी देणारा कोणी उरला नाही. या घराण्यातला गावी राहिलेला भाऊही मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईला गेला आणि बंगल्याला कुलूप लागले.

गावची प्राथमिक शाळा तोवर देवळाच्या सभामंडपात भरत असे. सप्ताह किंवा पालखी आली की वर्ग झाडाखाली. या किनाऱ्याला शिक्षणाची ओढ जुनी आहे. मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांना एका परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाच्या बाजूने पायी साताऱ्याला जावे लागले, ही गोष्ट इथल्या प्रत्येक गुरुजींनी प्रत्येक पिढीला ऐकवली आहे. तेव्हा ग्रामस्थ मुंबईला जाऊन बंगला मागून आले आणि तिघा भावांनी तो दिला, यात नवल नाही. त्यांनी दिलेले पत्र मी पाहिले आहे. दुघडी कागदावर, बोरूने नव्हे पण बोरूच्या वळणाने लिहिलेले ते अर्ध्या पानाचे पत्र असे सांगते की शाळा चालेल तोवर घर विनाभाडे वापरावे, शाळा बंद झाल्यास अथवा अन्यत्र गेल्यास ताबा घरवाल्यांकडे परत यावा, आणि देवघराच्या खोलीस शिवाशीव होऊ नये. शेवटच्या अटीतून त्या काळाचे मन दिसते आणि ती वाचताना आज संकोच वाटतो. गावानेही ती फार काळ मानली नाही, कारण पुढे देवघरातच पहिलीचा वर्ग भरत होता.

या पत्रात एक गोष्ट नाही. शाकारणी कोणी करायची, हे त्यात कोठेही लिहिलेले नाही.

त्या वेळी ते लिहावेसे कोणालाच वाटले नसणार, कारण उत्तर सर्वांना दिसत होते. मुले गावची होती, त्यामुळे छप्पर गावाचे होते. मे महिन्याच्या सुट्टीत, चाकरमानी गावी आलेले असताना, वाडीवाडीतून माणसे येत आणि दोन दिवसांत छप्पर चाळून होई. येथे शिकवून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी मला सांगितले की शाळेच्या खर्चात या कामापोटी फक्त चहा आणि गूळ-पोह्यांची नोंद असे. कौले फुटली तर ती कोठीच्या खोलीत रचून ठेवलेल्या जुन्या साठ्यातून बदलली जात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, शाळा नव्या व्यवस्थेकडे गेली, पण छपराच्या व्यवहारात फरक पडला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माजघराच्या भिंतीला उभी भेग गेली, असे जुनी माणसे सांगतात. ती भेगही गावच्या गवंड्याने चिऱ्यात चिरा गुंतवून शिवली. तो सांधा आजही शाबूत आहे आणि भिंत पडली ती त्या सांध्यापासून चार हात दूर.

शाळेने वास्तूचे काही नुकसानही केले, ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. दोन खोल्यांमधली लाकडी पडदी काढून एक लांब वर्ग केला गेला, तेव्हा त्या पडदीतला एक खांबही गेला आणि वरची तुळई मधोमध किंचित वाकली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर शहाबादी फरशी आली. सर्वांत महागात पडला तो खालच्या कमरेइतक्या भागावर केलेला सिमेंटचा गिलावा. मुलांच्या पाठीला चुना लागतो आणि भिंत खरवडली जाते, म्हणून सद्‌हेतूने केलेले हे काम होते. पण जोत्यातून वर चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडून वाळते, तर सिमेंट तिला आत कोंडते. कोंडलेली ओल मग सिमेंट जेथे संपते त्याच्या वरच्या बाजूने फुटते. या बंगल्यात प्रत्येक खोलीत जमिनीपासून सारख्याच उंचीवर एक पोपडे सुटलेला पट्टा दिसतो, जणू कोणी दोरी धरून आखला असावा. तरीही हिशेब मांडला तर शाळेने घर बिघडवले त्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षे ते टिकवले, असेच मी म्हणेन. शेजारच्या वाडीतला, याच सुमारास बांधलेला आणि शाळेला न दिलेला दुसरा एक बंगला कधीचा जमीनदोस्त झाला आहे. त्याच्या चिऱ्यांचा कुंपणाचा गडगा झाला.

सर्व शिक्षा अभियानाच्या काळात समोरच्या जागेवर स्लॅबच्या दोन खोल्या झाल्या. त्याला कोणी विरोध करण्याचे कारण नव्हते. जुन्या वास्तूच्या दुरुस्तीसाठी शाळेने पाठवलेल्या मागणीवर, इमारत आपल्या मालकीची नसल्याने खर्च करता येत नाही, असा शेरा दोनदा आला होता. इमारत स्वतःची असती तर तिचे रीतसर निर्लेखन तरी झाले असते, म्हणजे कोणीतरी तिची पाहणी करून ती पाडण्याजोगी आहे की नाही हे ठरवले असते. दुसऱ्याच्या इमारतीचे निर्लेखनही होत नाही. पुढच्या जूनमध्ये वर्ग नव्या खोल्यांत भरले. बाके, कपाट, घंटा आणि फोटो हलवले गेले आणि पत्रातल्या अटीप्रमाणे ताबा परत देण्याची वेळ आली, तेव्हा तो घ्यायला कोणीच आले नाही. मूळ तिघे भाऊ हयात नव्हते. मुख्याध्यापकांनी मुंबईच्या माहीत असलेल्या एका पत्त्यावर पत्र टाकले, त्याला उत्तर आले नाही, आणि चावी पाखाडीच्या तोंडाशी असलेल्या दुकानदाराकडे ठेवण्यात आली. ती तेथे खिळ्याला लटकलेली मी पाहिली आहे. तिच्या कडीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर ‘शाळा’ एवढेच लिहिलेले आहे.

त्यानंतरच्या मे महिन्यात छपरावर कोणी चढले नाही. मुले आता तेथे बसत नव्हती, तेव्हा गावाचे छप्पर कोणाचेच नव्हते.

आता पन्हळीकडे येतो. काटकोनातल्या दोन छपरांचे उतार जेथे मिळतात तेथे दोन्ही बाजूंचे पाणी एकत्र येते, आणि ते वाहून नेण्यासाठी आत पत्र्याची पन्हळ घातलेली असते. दोन्हीकडची कौले तिच्या काठावर तिरकी कापून बसवावी लागतात. सबंध छपरातली ही सर्वांत नाजूक जागा. या बंगल्यात तिच्या नेमके वर आंब्याची फांदी आलेली आहे. पाला साचला, पाला कुजून त्याची माती झाली, मातीत गवत उगवले, पाणी अडून पन्हळीच्या काठावरून आत पडू लागले आणि ओलसर पाल्याखाली पत्रा गंजला. खाऱ्या वाऱ्यात याला फार वर्षे लागत नाहीत. एका माणसाचे, एका सकाळचे, एका शिडीचे हे काम होते.

पन्हळीतून गळणारे पाणी पडत होते ते माजघराच्या भिंतीच्या माथ्यावर. वरच्या थरांतली माती धुऊन खाली आली, चिरे मोकळे झाले आणि भिंतीने पोट काढले. पहिल्या पाहणीच्या वेळी, म्हणजे वादळाच्या आधी, मी ओळंबा सोडून पाहिला, तेव्हा मध्यावर भिंत वितीपेक्षा जास्त बाहेर आलेली होती. त्याच भिंतीत वाशांची टोके बसवलेली आहेत. बाहेरून वासा ठणठणीत दिसत होता, रंगही नीट होता. पण भिंतीलगत, जेथे लाकूड चिऱ्यात शिरते तेथे पेचकस टेकवला तर तो नुसत्या हाताच्या दाबाने मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला ओल्या चहाच्या चोथ्यासारखे काहीतरी चिकटून आले आणि पाठोपाठ वाळव्या. ओळीतले नऊ वासे तपासले. त्यांपैकी सात असेच होते. म्हणजे छप्पर भिंतीवर टेकलेले नव्हते, आपल्याच वजनाने कौलाकौलांत अडकून तरंगत होते. छपराचे क्षेत्र सुमारे ४०० चौरस मीटर भरले. चौरस मीटरला साधारण १५ कौले धरली तर ६००० कौले, आणि एक कौल अडीच किलोच्या आसपास धरले तरी वर १५ टनांचे ओझे.

माकडांचा उल्लेख केल्याशिवाय कोकणातल्या छपराची हकीकत पुरी होत नाही. शाळा भरत होती तोवर मुलांच्या कलकलाटाने ती लांब असत. वास्तू रिकामी झाली तशी आंब्यावरून छपरावर उड्या सुरू झाल्या. आज गावोगावी लोक चांगली कौले उतरवून रंगीत पत्रे घालतात ते हौसेने नाही, माकडांपायी आणि कौलांचे काम जाणणारा माणूस मिळत नाही म्हणून. या गावातला शेवटचा कौले चढवणारा सुतार आता पुण्यात मुलाकडे असतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्याला लागले. वाऱ्याने मागच्या पाख्याची कौले पत्त्यांसारखी उडवली, सडलेले वासे एका बाजूला सरकले आणि सगळे छप्पर माजघरात उतरले. वादळाने पाडले हे म्हणणे म्हणूनच अर्धे खरे. पुढच्या छपराचे वासे कोरडे होते, त्याचीही कौले उडाली, पण ते बसले नाही. खरा घात नंतरच्या चार महिन्यांनी केला. टाळेबंदी होती, मुंबईहून यायला ई-पास लागत होता, आलेल्याला विलगीकरणात राहावे लागत होते. गावात ताडपत्रीला सोन्याचे मोल आले होते आणि ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याने आधी आपले घर झाकायचे की बंद बंगला? पंचनामे झाले, या वास्तूच्या वेळी सांगायला, सही करायला कोणी हजर नव्हते. उघड्या पडलेल्या भिंतीच्या माथ्यावर पावसाळा कोसळत राहिला आणि गणपतीच्या आसपास कधीतरी ती आडवी झाली. आवाज पाखाडीच्या खालपर्यंत आला होता म्हणतात.

त्यानंतर बाकीच्या वारसांना जाग आली, हे थोडे कठोर वाटले तरी लिहितो. कागद काढले तेव्हा जमीन आणि घर यांची नावे जुळेनात, जे कोकणात नवे नाही. बंगल्याखालची जमीन सातबाऱ्यावर सामाईक, २७ नावांची, त्यांतली काही मृतांची. ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, म्हणजे नमुना आठवर, मात्र एकट्या थोरल्या भावाचे नाव. एका शाखेचा दावा असा की घर शाळेला बक्षीस दिलेले होते, तेव्हा ते सार्वजनिक आहे आणि दुरुस्ती सरकारने करावी. हा दावा टिकणारा नाही. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र नोंदणीकृतच असावे लागते आणि हे पत्र नोंदणीकृत नाही. शिवाय त्यात ताबा परत येण्याची अट स्वच्छ लिहिलेली आहे. दुसऱ्या शाखेला वाटते की वास्तू शंभरीची असल्याने पुरातत्त्व खात्याने ताब्यात घ्यावी. वयाने कोणतीही वास्तू आपोआप संरक्षित होत नाही. १९६० च्या राज्य कायद्यानुसार तशी अधिसूचना काढावी लागते. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० चा, म्हणजे या बंगल्याच्या पिढीतलाच. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा १९१६ मध्ये वारल्यानंतरही ती वास्तू सरकारी राहिली, आज तेथे वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्याशी तुलना करताना राजाचे नाव लोकांच्या डोळ्यांपुढे येते. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे की तेथे मालकाच्या रकान्यात एकच नाव आहे.

तिसऱ्या शाखेने कोणाला न विचारता माडीच्या खिडक्यांची दोन तावदाने आणि पडवीचा एक कोरीव खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकला. खांबाच्या जागी सध्या लोखंडी टेकू आहे. त्यावरून पोलिसांत तक्रार झाली आणि बोलणी वर्षभर थांबली.

माझे मत मी वारसांच्या बैठकीत सांगितले, तेच येथे देतो. मागचा भाग वाचवण्याजोगा राहिलेला नाही. तो उतरवून चिरे व कौले रचून ठेवावीत. पुढचा भाग अजून पूर्ण सावरता येतो: वासे शाबूत, भिंती ओळंब्यात, आणि जोत्यावरचे सिमेंट काढून तेथे चुना केला तर ओलही उतरेल. काटकोन गेल्याने पन्हळीचा प्रश्नही कायमचा संपतो. ‘सगळे पूर्वीसारखे करू’ असा एक सूर बैठकीत निघाला आणि त्याला टाळ्याही पडल्या. मात्र त्या टाळ्यांमध्ये वर्गणीचा आकडा कोणी सांगितला नाही. वापराबद्दल वाचनालयापासून न्याहारी-निवासापर्यंत सर्व काही सुचवले गेले. मी एवढेच विचारले की मे महिन्यात छपरावर कोण चढणार, आणि त्याची मजुरी कोणाच्या खात्यातून जाणार. करारनाम्याच्या मसुद्यात आता ते कलम पहिले आहे. वारसांपैकी दोघी बहिणींनी, ज्यांची नावे २००५ च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीनंतरच्या फेरफाराने सातबाऱ्यावर लागली, पहिल्या पाच वर्षांच्या शाकारणीचा खर्च उचलण्याचे लेखी दिले आहे.

गेल्या मे महिन्यात तिसऱ्या पाहणीला गेलो तेव्हा पुढच्या छपरावर निळी ताडपत्री होती आणि अंगणात, झेंड्याच्या चौथऱ्यालगत, उतरवलेली कौले उभी रचलेली होती. मोजली तर २१४० भरली. माजघराची जी भिंत उरली आहे तिच्यावर काळ्या रंगाने रंगवलेला फळा आहे. भोवतालचा चुना गळून गेला, पण तेलरंगाने धरून ठेवलेला तेवढाच चौकोन चिऱ्यांवर राहिला आहे, आणि डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने आखलेले ‘पट’ व ‘हजर’ हे दोन रकाने स्पष्ट वाचता येतात. नव्या शाळेचा पट या वर्षी सात आहे. मसुद्यावर आजवर सोळा सह्या झाल्या असून अकरा बाकी आहेत.